बोर्डीची शाळा आणि अंगणातील मूल

खेड्यात माध्यमिक शाळा निघाली म्हणजे गावाला आनंद होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या आनंदाच्या भरात एक प्रश्न सहसा मागे राहतो. ही शाळा गावातील कोणत्या मुलासाठी? १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात या प्रश्नाला जे उत्तर मिळाले, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

पालघर, बोईसर, डहाणू ही स्थानके मागे टाकून गाडी उत्तरेस गेली की घोलवड लागते. तेथून जवळच, समुद्रकिनारी, चिकूच्या वाड्यांनी वेढलेले बोर्डी हे गाव आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मरणार्थ प्रा. टी. ए. कुलकर्णी यांनी १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि दोनच वर्षांनी, १९२० साली, सोसायटीची शाळा या गावात उभी राहिली. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल हे तिचे नाव. मुंबई येथून सव्वाशे किलोमीटरांच्या पलीकडे. ज्या बापाला मुलाला शहरात ठेवण्याची ऐपत नव्हती, त्याच्या दृष्टीने गावातली ही शाळा म्हणजे केवढा मोठा आधार, हे निराळे सांगावयास नको.

त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे; शालान्त परीक्षा मंडळाची पहिली परीक्षा झाली ती १९४९ साली. अर्थात खेड्यातील हायस्कूलचे तोंड स्वाभाविकपणेच शहराकडे असे. मुलगा मॅट्रिक व्हावा, कारकून किंवा शिक्षक व्हावा, कॉलेजात जावा, ही पालकांची अपेक्षा. ती गैर होती असे कोण म्हणेल? पण बोर्डीच्या पाठीशी डोंगरपायथ्याला वारल्यांचे पाडे पसरलेले होते, आणि त्या पाड्यांतील मुलाला हायस्कूल तर राहोच, पहिलीचा वर्गही दूर होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी बाप सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबत असेल, तर मुलाच्या हाती पाटीऐवजी गुरांचा दोर यावयाचा, हे ठरलेलेच. १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव या भागांत वेठबिगारीविरुद्ध वारली उठले, तेव्हा ही स्थिती साऱ्या प्रांतास कळली.

बोर्डीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक आचार्य शंकर रामचंद्र भिसे यांची दृष्टी शाळेच्या कुंपणापाशी थांबली नाही. बाळासाहेब खेर यांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले; त्या कार्यात भिसे यांचा हात होता. वेठबिगारीविरुद्ध चळवळ पेटली त्याच १९४५ साली, भिसे यांच्या पाठबळाने, ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांच्या मदतीस आल्या.

केंद्रात बालवाडी भरू लागली. पण ज्यांच्यासाठी ती मुख्यतः होती, ती मुले येईनात. यावर दोघींनी काढलेला उपाय साधा होता. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे! पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. तिला कुरणशाळा असे नाव पडले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

या इतिहासातून मला एवढेच सांगावयाचे आहे की, माध्यमिक शाळेचा पाया आठवीच्या वर्गात नसतो. तो अंगणात असतो. वरच्या इयत्ता कितीही उत्तम चालल्या, तरी ज्या मुलाने पाटीच पाहिली नाही त्याला त्या निरुपयोगी होत. बोर्डीचा मोठेपणा असा की, तेथे हायस्कुलाचा प्रमुख शिक्षकच खाली वाकून हा पाया पाहू लागला.

तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे बोईसर येथे कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. आज त्या परिसरात शाळांचा तुटवडा नाही. तरीसुद्धा जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास निघतात आणि मुलेही त्यांच्या मागोमाग जातात. हजेरीपटावर नाव राहते, मूल मात्र भट्टीवर असते. कुरणाच्या जागी भट्टी आली, इतकाच फरक!

म्हणून आपल्या गावच्या शाळेचा निकाल किती टक्के लागला, असे विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा. परीक्षेला बसलेच नाहीत ते कोठे आहेत? ज्या शाळेला याचे उत्तर देता येईल आणि जी त्यांच्यापर्यंत चालत जाईल, तीच खऱ्या अर्थाने गावाची शाळा होय.