धरलेला मासा परत पाण्यात का सोडतात?

माजलगाव, मांजरा धरणाच्या काठच्या आणि गावतळ्यांजवळच्या गटांशी आज आम्हाला बोलायचंय.

बैठकीत मासेमारीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. शहरातले हौशी लोक पैसे खर्चून गळाने मासा धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. हाती आलेला घास सोडायचा, हे कसलं वेड?

वेड नाही बायांनो, त्यात हिशोब आहे. या लोकांचा लाडका मासा म्हणजे महसीर. अंगात भारी ताकद, गळाला लागला की दोरी ओढत पळतो. १९४६ साली कर्नाटकात कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महसीर गळाने धरला होता. पुढे कावेरीकाठी भीमेश्वरीसारख्या ठिकाणी मासा धरून सोडायच्या अटीवर सहली निघू लागल्या. आधी चोरून मासे मारणाऱ्या काहींना तिथंच वाटाड्याचं, राखणीचं काम मिळालं. मारलेला मासा एकदाच विकला जातो. सोडलेल्या माशामागे पुन्हा पाहुणा येतो.

याला दुसरीही बाजू आहे. आपल्या लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार होतात. तिथल्या दख्खनी महसीरची पिल्लं कावेरीत सोडली. हेतू चांगलाच होता. पण ती जात तिथं फोफावली आणि कावेरीचा मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर मागे पडला. २०१८ साली त्याची नोंद नामशेष व्हायच्या काठावरच्या जातींत झाली. म्हणून मत्स्यबीज कुणी फुकट दिलं, तरी आधी विचारा, हा मासा कुठल्या पाण्यातला?

महसीरला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या आपल्या तळ्यांत त्याची आशा नको. आपल्याकडचा गळाचा मासा म्हणजे मरळ. ती वर येऊन हवा घेते, त्यामुळे कमी पाण्यातही तगते आणि बाजारात जिवंत विकली जाते. पावसाळ्यात तिची तांबूस पिल्लं घोळक्यानं पाण्यावर दिसतात. खाली आई-बाप राखण करत असतात. त्या वेळी मोठी मरळ गळाला सहज लागते, पण तिला उचललं की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. पुढच्या साली तळ्यात काय उरणार?

दिवाळीच्या सुमारास आपली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. गावच्या पाण्यातून चार पैसे मिळत असतील, तर ते पाणी जपायलाच हवं. म्हणून पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवा. पिल्लांचा घोळका दिसला तर तिथं गळ टाकायचा नाही. आणि तळ्याचा ठेका कुणाकडे आहे, त्यात गटाला भाग मिळेल का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं. एकटीनं नको, चौघी-पाचजणी मिळून जा.