चालीची तपासणी

एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचे एक चक्र पूर्ण होते. त्यात पाऊल सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर आणि 40 टक्के वेळ हवेत असते. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी येथे प्रवरा वैद्यकीय संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी रुग्णाला अनवाणी चालवून समोरून, मागून आणि बाजूने पाहतात. 10 मीटर चालायला लागणारा वेळही मोजतात. निरोगी प्रौढाला साधारण 7 ते 9 सेकंद पुरतात.

पाय दुखत असेल तर त्यावर भार क्षणभरच टाकला जातो. खुब्याचे स्नायू दुबळे असतील तर त्या पायावर उभे राहताना कमरेची दुसरी बाजू खाली झुकते. लकव्यात ताठरलेला पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरतो. कंपवातात पावले आखूड, घासत पडतात. घोट्यातून पाऊल वर उचलता येत नसेल तर गुडघा उंच घ्यावा लागतो; चप्पल पुढच्या टोकाला झिजते.

चालीत अचानक फरक पडला, विशेषतः एका बाजूची शक्ती गेली, तर रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.