कैसराचें नाणें



कैसराला कर द्यावा कीं नाहीं, असा पेंच प्रभूला घालण्यांत आला तेव्हां त्यानें एक दिनार मागवून घेतला. त्याच दिनाराच्या ओढीनें जुन्या रोमन नाण्यांचे संग्राहक तिबेरियुस कैसराचें (इ. स. १४–३७) नाणें शोधीत असतात. वजन सुमारें ३.८ ग्रॅम, धातु रुपें. एका बाजूस कैसराचें मस्तक व ‘दैवी ऑगस्टसाचा पुत्र’ हें बिरुद, दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री व ‘महापुरोहित’ ही पदवी! आपल्या देशांत कोइमतूरकडेही अशीं नाणीं सांपडलीं आहेत. मिरी व मौल्यवान खडे यांच्या व्यापारानें तीं इकडे आणलीं.

परंतु शुभवर्तमानांतील त्या प्रसंगांत कैसराचें नांव नाहीं. ऑगस्टसाचीं नाणींही त्या काळीं चालत असत. म्हणून ‘हेंच तें नाणें’ असें कोणी छातीठोकपणें सांगून विकूं लागल्यास आम्ही सावध असावें. शिवाय बनावट नाणीं पुष्कळ; आणि खरें नाणेंही कोठें व कशाबरोबर सांपडलें ही नोंद हरवली, कीं त्याची निम्मी साक्ष मुकी होते. नाणें जेवढें सांगतें तेवढेंच आम्ही सांगावें. सत्यावर उभ्या असलेल्या श्रद्धेस फुगविलेल्या पुराव्याची गरज नसते.