शताब्दीचं वर्ष आणि दोन पुस्तकं



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, शिक्षण इंजिनिअरिंगचं. साहित्याचा अभ्यासक नाही, नुसता वाचक आहे. आमच्या धंद्यात डेडलाइन नसेल तर काम होत नाही, आणि लेखकांच्या जन्मशताब्दीकडेही मी तसंच पाहतो. पुस्तक वाचायला मुहूर्त कशाला लागतो, असं आपण म्हणतो खरं. पण मुहूर्त नसला की वाचायचं राहूनच जातं.

आपल्याकडे शताब्दी कशी साजरी होते, तुम्हाला माहीत आहे. फोटोला हार, दोन भाषणं, चहा आणि त्या दिवसापुरतं व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस. २०१२ मध्ये मंटोची शताब्दी झाली, २०१५ मध्ये इस्मत चुगताईंची, २०१६ मध्ये शाहीर अमर शेखांची. २०२० मध्ये अण्णाभाऊ साठेंची आली, तेव्हा तर आपण सगळे घरातच बसून होतो, वाचायला वेळही होता. या चौघांपैकी एकाचं तरी एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत किती जणांनी वाचलंय? हात वर करा असं म्हणत नाही, घाबरू नका.

२०२७ मध्ये दोन शताब्दी एकत्र येतायत. व्यंकटेश माडगूळकर आणि कुर्रतुलऐन हैदर, दोघांचाही जन्म १९२७ चा. ऐनी आपांच्या जन्मसालावर वाद घालणारे आहेत, त्यांनी तो खुशाल घालावा. आपण तोवर पुस्तक उघडू. हे दोघे एका दमात आठवावेत असं काही त्यांच्यात दिसत नाही. एक माणदेशातला, औंध संस्थानातल्या माडगूळचा. दुसऱ्या अलीगढमध्ये जन्मलेल्या, लखनौत शिकलेल्या, उर्दूतल्या लेखक सज्जाद हैदर यल्दरम यांच्या कन्या. एकाची भाषा मराठी, दुसरीची उर्दू. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात या दोन्ही भाषा आहेत. शाळा मराठीत झाली आणि नानी-दादीचं बोलणं दख्खनीत ऐकलं. म्हणून ही जोडी मला आपली वाटते.

आधी माडगूळकर. 'माणदेशी माणसं' १९४९ चं आहे. एकेका माणसावर एकेक प्रकरण. त्यात धर्मा रामोशी आहे, झेल्या आहे आणि मुलाण्याचा बकसही आहे. बकसला लेखकानं सर्वधर्मसमभावाच्या धड्यासाठी आणलेलं नाही. गावात रामोशी असतो, माळी असतो, तसा मुलाणीही असतो, एवढं साधं कारण. गावगाड्यात मुलाणा हा बलुतेदारच होता. बकरं कापायला, मग ते कोणाच्याही घरचं असो, त्यालाच बोलावणं जायचं. 'बनगरवाडी' १९५५ ची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, लोक हळूहळू त्याला आपला मानतात, सगळे मिळून तालमीची इमारत उभी करतात. मग पाऊस पडत नाही आणि वाडी रिकामी होते. मास्तरच्या अवतीभवती आयबू नावाचा मुसलमान पोरगा असतो. त्याच्या मुसलमान असण्याचा कुठेही गाजावाजा नाही.

मी हे का सांगतोय? ऑफिसात, कॉलेजात तुम्हाला कोणीतरी कौतुकानं विचारतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या प्रश्नात आपण पाहुणे असतो. या प्रश्नावर चिडून उपयोग नाही आणि दर वेळी इतिहास सांगत बसायलाही वेळ नसतो. मात्र बकस आणि आयबू तुमच्या वाचनात असतील, तर निदान तुमच्या स्वतःच्या मनात तरी तो प्रश्न उरत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता ऐनी आपा. 'आग का दरिया' ही कादंबरी १९५९ ची. फाळणीनंतर त्या पाकिस्तानात गेल्या होत्या, तिथंच ती प्रसिद्ध झाली. पुढं त्या भारतात परतल्या आणि कित्येक वर्षं मुंबईत पत्रकारिता केली, 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्ये होत्या. १९८९ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. कादंबरी मौर्यांच्या काळापासून फाळणीपर्यंत येते. गौतम, हरिशंकर, चंपा, कमाल ही नावं वेगवेगळ्या शतकांत पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली शंभरेक पानं जड जातील, आधीच सांगून ठेवतो. कोण कोणत्या शतकातलं आहे हे लक्षात ठेवायला कागद-पेन्सिल घेऊन बसा, त्यात कमीपणा नाही. शेवटाकडं कमाल इंग्लंडहून लखनौला परत येतो. तो फाळणीच्या विरोधातला, देशावर जीव असलेला तरुण. पण इथं घर निर्वासितांची मालमत्ता म्हणून गेलेलं असतं, नोकरी मिळत नाही आणि अखेर त्याला पाकिस्तानात जावं लागतं. चंपा अहमद मात्र इथंच राहायचं ठरवते. आपल्या आजोबा-पणजोबांनीही १९४७ ला काहीतरी ठरवलं होतं, निदान न जाणं तरी. घरात त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. चंपाची प्रकरणं वाचल्यावर घरच्या मोठ्यांना एकदा विचारून बघा.

दोन्ही पुस्तकांत एकेक उणीव आहे आणि ती झाकायचं कारण नाही. ऐनी आपांच्या कादंबरीतले मुसलमान बहुतेक अवधच्या तालुकदारांच्या, शिकल्या-सवरलेल्या घरांतले. तिथं आपले बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी सापडत नाहीत. माडगूळकरांकडे ते आहेत, पण बाहेरून पाहिलेले. लेखकाची नजर मायेची आहे. तरी घरी गेल्यावर बकस काय विचार करतो, त्याची बायको त्याला काय बोलते, ते आपल्याला कळत नाही. बकसच्या घरात ऐनी आपांच्या ताकदीनं शिरणारी मराठी कादंबरी मला वाचायची आहे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच्या मागंही आपलं आपण लिहावं हीच तळमळ होती. पण लिहिण्याआधी वाचावं लागतं, तिथंच आपली गाडी अडते.

थोडं माझ्या कामाच्या अंगानं बोलतो. पीडीएफ फिरवणं थांबवा. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती मोजायची पुढच्या जानेवारीपासून. माडगूळकर २००१ मध्ये गेले, ऐनी आपा २००७ मध्ये. म्हणजे या दोघांची पुस्तकं विकत घ्यायची किंवा वाचनालयातून आणायची. 'बनगरवाडी' काही महाग नाही. उर्दू लिपी येत नसेल तर 'आग का दरिया' नागरीत मिळते. शिवाय लेखिकेनं स्वतः ती १९९८ मध्ये इंग्रजीत आणली, 'रिव्हर ऑफ फायर' या नावानं. ते शब्दशः भाषांतर नाही, बरंच बदललेलं आहे. दोघांनी दोन आवृत्त्या वाचल्या तर भांडायला चांगला विषय मिळेल.

अमर शेखांचं मात्र वेगळं आहे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजावर मैदानं भरत, हे आपण अभिमानानं सांगतो. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह आपल्यापैकी कितीजणांनी हातात घेतलेत? ते १९६९ मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०३० ला त्यांचं लेखन सर्वांसाठी खुलं होईल. त्या दिवशी कोणीतरी ते युनिकोडमध्ये नीट टाइप करून, तपासून ठेवलं पाहिजे. नुसतं स्कॅन नको. स्कॅनमधला शब्द शोधता येत नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल मोबाइलवर उघडली की काय कचरा दिसतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. हे काम दहा जणांनी मिळून केलं तर काही महिन्यांचं आहे. सॉफ्टवेअरची बाजू मी बघतो, मुद्रितशोधनाला मराठी चांगलं असलेले हात हवेत. ज्यांना यायचंय त्यांनी नंतर थांबावं.

वाचनाचं म्हणाल तर सुरुवात 'बनगरवाडी'पासून करू, ती बारीक आहे, दोन रविवारांत संपते. अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमा पाहिलाय एवढ्यावर बैठकीत बोलायला मिळणार नाही. 'आग का दरिया'ला तीन महिने देऊ, दर बैठकीला एकेक काळ, आणि शेवटच्या बैठकीला जमलं तर घरच्या एखाद्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन या.