मागील डिस्क ब्रेकची घरच्या घरी देखभाल
मोटारीच्या मागील चाकांचे काम पुढील चाकांसारखेच असते, हा समज महागात पडतो. कारण अनेक गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चकतीवर ब्रेकपॅड दाबणाऱ्या पकडीतच, बसवलेली असते. अशा कॅलिपरचा पिस्टन आतील आट्यांच्या दांड्याला जोडलेला असल्याने तो नुसता दाबून मागे जात नाही, तर दाबत दाबत फिरवावा लागतो, आणि बळजबरी केल्यास आतील यंत्रणा मोडते. विजेवरील हँडब्रेक असल्यास तो आधी सर्व्हिस मोडमध्ये नेणे अनिवार्य असते.

पुढच्या चाकांना ठोकळे लावून, गाडीचा भार जॅकऐवजी स्टँडवर देऊन आणि हँडब्रेक सोडूनच काम हाती घ्यावे. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांकडे. त्या गंजून अडकल्या की एकाच बाजूचा पॅड झिजत राहतो, म्हणून त्या पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. चकतीची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा कमी भरल्यास ती बदलावी. जोडणीनंतर पेडल घट्ट लागेपर्यंत दाबल्याशिवाय गाडी हलवू नये.