क्रिस्तपुराणाची ओवी : छंद, यमक आणि पुनरुक्ती

(ज्युबिलीनिमित्त जामसर येथे दिलेले व्याख्यान)



या मंगल प्रसंगी एका जुन्या काव्याचा विचार आपणांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि चाळीस वर्षे लोकांत राहून १६१९ साली तेथेच निवर्तले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात ३६ व दुसऱ्या भागात ५९ अध्याय असून ओव्यांची एकंदर संख्या अकरा हजारांच्या आसपास जाते. एवढे प्रदीर्घ काव्य अक्षरशत्रू श्रोत्यांच्याही अंतःकरणात ठसावे, याची कोणती तजवीज कवीने केली? याचे उत्तर त्याच्या छंदात आहे.

प्रथम ओवी पाहू. तिचे चरण चार. पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक जुळते. चौथा आखूड असतो व त्यास यमक नसते. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीतही हीच ठेवण आढळते. परदेशी कवीने आपल्या देशाचा छंद येथे आणला नाही, तर येथील घराचाच उंबरठा ओलांडला. ओवीत अक्षरांची संख्या ठरलेली नसते, हा तिचा मोठा गुण. शार्दूलविक्रीडितात प्रत्येक चरणी १९ अक्षरे असून त्यांचा लघुगुरुक्रमही बांधलेला असतो; तेथे जेरुसलेम, नाझरेथ, पोंती पिलात अशी नावे बसविताना कवीची तारांबळ उडाली असती. ओवी मात्र पाहुण्या नावासाठी सरकून जागा करून देते.

आता यमक. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे सारख्या प्रत्ययांचे यमक सहज साधते. पण त्याचे खरे काम गोडव्यापुरते नाही. तीन वेळा एकच नाद कानी पडला की श्रोत्याचे मन पुढे झुकते. चौथा चरण त्या अपेक्षेस सोडवून अर्थ खाली ठेवतो, आणि म्हणणाऱ्यास श्वास घेता येतो. चढण चढून माथ्यावर क्षणभर टेकावे, तसे हे आहे. जव्हारचे घाट पायी तुडविणाऱ्यांस हे अधिक सांगणे नलगे.

तिसरी गोष्ट पुनरुक्तीची. कित्येक सुशिक्षित म्हणतात की, या काव्यात तेच ते फार आहे. त्यांचा आक्षेप डोळ्यांनी वाचणाऱ्याचा आहे. वाचक पान मागे उलटू शकतो. ऐकणाऱ्यास ती सोय नाही. म्हणून कवीच त्याच्यासाठी पान उलटतो. मराठी भाषेच्या स्तुतीचा प्रसिद्ध भाग घ्या. रत्न, फूल, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा उपमा एकाच साच्यातून एकामागून एक निघतात. साचा तोच, वस्तू नवी. त्यामुळे ऐकणारा चुकत नाही आणि कंटाळतही नाही. आपल्या जपमाळेत दहा-दहा मण्यांची पाच दशके असतात. नमो मरिया पन्नास वेळा म्हणूनही भाविकास ती पुनरुक्ती वाटत नाही, कारण दर दशकाचे रहस्य निराळे असते.

या मुलखास ही रीत परकी नाही. वारली लग्नात धवलेरी गाते, घांगळीच्या सुरावर कणसरीची कथा चालते. तेथेही शब्द फिरून येतात, आणि त्या फिरण्यातच स्मरणाची दोरी वळली जाते. त्या गाण्यांचा विषय वेगळा, परंतु कानाचा धर्म एकच.

काव्याच्या पहिल्या भागाच्या प्रारंभीच एक प्रसंग आहे. एक नवख्रिस्ती ब्राह्मण धर्मगुरूंकडे येऊन, जुन्या पुराणांच्या जागी आम्हांस आमच्या भाषेत काही वाचावयास द्यावे, अशी विनंती करतो. ही भूक आपल्या घरी आजही आहे की काय, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

कारण या ग्रंथाचा इतिहास आपणांस सावध करतो. १६१६ नंतर १६४९ व १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुढे १६८४ साली गोव्याच्या सरकारने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही काव्य मेले नाही. लोकांनी ते हातांनी उतरले, घरांतून व देवळांतून म्हटले. अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूरात जोसेफ सालदान्हा यांनी ते पुन्हा छापविले. छापील कागद नाहीसा झाला. हातांनी व कंठांनी ठेव जपली.

आता देवनागरीतही ग्रंथ मिळतो. परंतु तो कपाटात बंद राहिला, तर तिसऱ्या यमकावर झुकणारा श्रोता कोठून यावा? म्हणून आमची एवढीच विनंती आहे. येत्या प्रायश्चित्तकाळात प्रत्येक घरी सांजच्या प्रार्थनेनंतर दुःखसहनाच्या प्रसंगातील पाच ओव्या मोठ्याने म्हणाव्या. शाळेत जाणाऱ्या मुलाने तीन चरण वाचावे, आणि चौथा आजीने उचलावा. तिला अक्षर येत नसेल. ओवीचा शेवट कोठे टेकावा, हे तिला आपणां सर्वांहून बरे कळते.