पैलू आणि स्फटिक

सुरतेच्या कारखान्यात हिऱ्याचा खडा फिरत्या चकतीवर धरून कारागीर त्यास एकामागून एक पैलू पाडीत असतो. गोल घाटाच्या हिऱ्यास असे ५७ पैलू असतात, आणि पाहणाऱ्याचे डोळे दिपतात ते त्यांच्यामुळेच. परंतु तो खडा कोणत्या दिशेने दुभंगेल हे पैलू ठरवीत नाहीत. ते त्याच्या अंतरंगातील स्फटिकरचना ठरविते. मोठ्या संख्यांची गोष्ट काहीशी अशीच आहे. ती सांगावयाची तर सुरतेहून मुंबईकडे येणाऱ्या लोहमार्गावरील डहाणूस क्षणभर थांबले पाहिजे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली तेथे जन्मले.

कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. डोंबिवली स्थानकाचे जुने नाव डेमलो. तेथे सुचलेल्या संख्यांच्या कुळास त्यांनी तेच नाव देऊन टाकले! या कुळातील अद्भुत म्हणून गाजलेली शाखा पाहा. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. आणि असे चढत गेले की नऊ एकांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या उलटसुलट कशीही वाचा, सारखीच. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग.

आता येथे एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. दहावा एक जोडून वर्ग केला की उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरी हातचा आला आणि सारी आरास कोलमडली. मनुष्यास बारा बोटे असती आणि तो बाराच्या पटीत मोजीत असता, तर हाच जिना अकरा एकांपर्यंत बिनबोभाट चढला असता. म्हणजे हे सौंदर्य संख्येचे नव्हे, आपल्या लेखनपद्धतीचे. कापरेकरांना अनेक भारतीय गणितज्ञांनी प्रारंभी गंभीरपणे घेतले नाही, त्यांचे बरेचसे लेखन किरकोळ नियतकालिकांत किंवा पदरमोड करून प्रसिद्ध झाले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे ते जगास ठाऊक झाले.

तरीही आक्षेपकांचा उतावळेपणा मला पटत नाही. आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव पाडून पाहू. नऊ एक म्हणजे ३ चा वर्ग गुणिले ३७ गुणिले ३३३६६७. तेव्हा वर्गात ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा येतो. एकूण विभाजक ४५. हे अवयव लेखनपद्धती बदलली तरी बदलत नाहीत. हा झाला स्फटिक. मग ३७ येथे आला कोठून? १११ म्हणजे तीन गुणिले सदतीस. म्हणून एकांची संख्या तीनच्या पटीत असली की ३७ हजर! ४१ मात्र पाच एकांपाशी प्रथम भेटतो, आणि पुढे दर पाचाने भेटत राहतो. एकास ३७ ने भागा, दशांशात ०२७ हे तीन अंक फिरून फिरून येतात. ४१ ने भागा, पाच अंकांचे आवर्तन येते. हा योगायोग नव्हे. दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दहाचा कितवा घात त्या मूळ संख्येने भागला असता बाकी एक उरते. बोटांच्या मोजणीतून निघालेला खेळ असा थेट अंकशास्त्राच्या गाभ्यात उतरतो.

एकांची मोजदाद संयुक्त असेल तर ती संख्याही संयुक्त, हे उघड आहे. उलट मात्र खरे नाही: सतरा ही मूळ संख्या, पण सतरा एकांचे अवयव २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७ असे दोन पडतात. २, १९ आणि २३ एकांच्या संख्या मूळ आहेत; त्यानंतर मूळ संख्या भेटते ती एकदम ३१७ एकांची, आणि तिच्यापुढे १०३१ एकांची. त्यांचा हा क्रम अनंत चालतो की कोठे संपतो, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही.